पेशी अंगात फुटल्या की नळीत? सोलापुरातल्या घरपोच रक्ततपासणीचा हिशेब

सोलापुरात आता फोनवर वेळ सांगितली की सकाळी साडेसहाला दारात दुचाकी थांबते. पाठीवर चौकोनी पिशवी अडकवलेला मुलगा आत येतो, पाच मिनिटांत रक्त घेऊन जातो आणि संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येऊन पडतो. थायरॉइड, शुगर, कोलेस्टेरॉल असल्या तपासण्यांसाठी या सोयीला नावं ठेवण्यासारखं फार काही नाही. पण घरात हिमोलिटिक ॲनिमियाचा रुग्ण असेल तर हीच सेवा जरा डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. तांबड्या पेशी वेळेआधी फुटणं हाच मुळात हा आजार. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, इथे ती काही आठवड्यांत, कधी काही दिवसांतच संपते. आणि घाईत, आडदांड हाताने काढलेल्या रक्तातल्या पेशीसुद्धा फुटतात, फक्त त्या अंगात नव्हे, नळीत फुटतात. एलडीएच, म्हणजे पेशी फुटल्या की बाहेर सुटणारं एन्झाइम, मोजणाऱ्या यंत्राला त्याचं सोयरसुतक नसतं. ते आकडा देऊन मोकळं होतं, आणि त्या आकड्यावर स्टेरॉइडचा डोस ठरतो.

इथे कुठल्या एका कंपनीचं नाव घेतलेलं नाही. कारण साधं आहे, एकाच कंपनीकडून आज येणाऱ्या मुलाचा हात हलका असतो आणि पुढच्या सोमवारी येणाऱ्याचा नसतो. परीक्षण सेवेच्या पद्धतीचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रेटिक काउंट (नव्या, कोवळ्या तांबड्या पेशींची मोजणी) यांसाठी ही सेवा बिनधास्त घ्या, पाचपैकी चार गुण. एलडीएच आणि पोटॅशियमसाठी माणूस पाहून घ्या, अडीच. थंडीत चिकटणाऱ्या अँटिबॉडीच्या तपासणीसाठी शून्य. आणि क्रॉसमॅचसाठी, म्हणजे दात्याचं रक्त जुळतं का ते पाहण्यासाठी, घरी कुणाला बोलवायचंच नसतं.

सुई टोचण्याची ती पाच मिनिटं

सगळा खेळ इथेच आहे, त्यामुळे इथे बारकाईने बघा. प्रौढ माणसाच्या कोपराच्या शिरेसाठी २१ नंबरची सुई, हिरव्या बुडाची, योग्य. शीर बारीक असेल तर २३ नंबरची निळी चालते, पण तिच्यातून रक्त जोरात ओढलं तर पेशी घासल्या जाऊन फुटतात. पट्टा दंडाला एक मिनिटापेक्षा जास्त बांधलेला नको. स्पिरिट पुसल्यावर ते वाळू द्यायचं, ओल्या स्पिरिटमधून सुई गेली तर जळजळही होते आणि पेशीही फुटतात. "काकू, मूठ जरा उघड-मीट करा" हे वाक्य ऐकलं तर नम्रपणे नको म्हणा. मूठ एकदा हलकी मिटून ठेवली की पुरे. सारखी उघड-मीट केल्याने पोटॅशियम खोटंच वाढतं.

सर्वांत मोठी चूक मात्र रक्त काढून झाल्यावर होते. सिरिंजमध्ये रक्त घेतलं, सुई तशीच नळीच्या रबरी टोपणात खुपसली आणि अंगठ्याने दट्ट्या दाबून रक्त आत ढकललं. हे दृश्य दिसलं की त्या नळीतल्या एलडीएचवर विश्वास संपला. बारीक सुईतून दाबाने ढकललेल्या पेशींचा चुराडा होतो. बरोबर पद्धत दोनच. एक तर निर्वात नळी सुईधारकाला जोडून शिरेतून थेट भरू द्यायची. नाहीतर सिरिंजची सुई काढून, नळीचं टोपण उघडून, रक्त कडेने हळूच ओघळू द्यायचं. फोनवर वेळ घेतानाच "व्हॅक्यूम नळीने काढता की सिरिंजने?" असं विचारलं तर पुढचा अर्धा त्रास वाचतो.

नळ्यांचा क्रमही बघा. लाल किंवा पिवळ्या टोपणाची आधी, जांभळी नंतर, शुगरची राखाडी शेवटी. जांभळ्या नळीत ईडीटीए हे क्षार असतं आणि त्यात पोटॅशियम असतं. तो थेंब पुढच्या नळीत गेला तर पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं दिसतं. स्टेरॉइडमुळे ज्यांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू आहे, त्यांना अशा रिपोर्टने उगाच धडकी भरते. जांभळी नळी खुणेपर्यंत भरली पाहिजे आणि आठ-दहा वेळा अलगद उलटी-सुलटी केली पाहिजे. उलटी-सुलटी म्हणजे तशीच, कफ सिरपच्या बाटलीसारखी खळखळ हलवणं नव्हे.

मग पिशवी. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ वर जातो आणि डिकीत त्याहून जास्त भाजतं. नळ्या डिकीत टाकून तो मुलगा विजापूर रोडवरून आणखी चार घरं करत नव्या पेठेत पोहोचेपर्यंत साडेदहा वाजलेले असतात. पिवळ्या टोपणाची नळी उभी ठेवून अर्धा तास गोठू द्यायची आणि दोन तासांच्या आत यंत्रात गरगर फिरवून सीरम, म्हणजे गाठीवरचं पिवळट पाणी, वेगळं करायचं, हा नियम. तो मोडला की पेशींमधलं एलडीएच आणि पोटॅशियम सीरममध्ये झिरपायला लागतं. उलट काही जण काळजीपोटी नळी थेट बर्फाच्या पॅकला टेकवतात, त्याने पेशी गोठून फुटतात. मध्ये कापडाचा किंवा थर्माकोलचा थर हवाच. एलडीएचची गंमत अशी की सीरम वेगळं केल्यावर ते फ्रिजमध्ये ठेवलं तर आकडा हळूहळू घसरतो, कारण त्याचे काही प्रकार थंडीत टिकत नाहीत. म्हणजे सीरम वेगळं व्हायला उशीर झाला तर आकडा खोटा वर, आणि वेगळं करून फ्रिजमध्ये पडून राहिलं तर खोटा खाली. बिलिरुबिनला, म्हणजे फुटलेल्या पेशींतून बनणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्याला, उजेड सोसत नाही, उन्हात राहिलेल्या नळीत ते कमी दिसतं. म्हणून यादीतलं शेवटचं घर मागा. साडेसहाचं नव्हे, आणि ते लॅबच्या सगळ्यांत जवळचं असलं तर आणखी उत्तम. सकाळी उपाशी राहण्याची सक्ती या तपासण्यांना नाही. त्यामुळे नऊ-साडेनऊची वेळ खुशाल घ्या, फक्त तुमच्यानंतर तो थेट लॅबला जाणार का ते विचारून.

रिपोर्ट खोटा कसा ओळखायचा

समजा, रुग्ण प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडवर आहे. ६० किलो वजनाला रोज ६० मिलिग्रॅमने सुरुवात झाली, म्हणजे किलोला एक मिलिग्रॅम. हिमोग्लोबिन १० च्या वर स्थिरावलं आणि डॉक्टर डोस उतरवत २० वर आले. आता एलडीएच आलं ९००. आजार परतला, की नळी बिघडली?

नळीत पेशी फुटल्या असतील तर एलडीएच, पोटॅशियम आणि एसजीओटी (पेशींतलंच आणखी एक एन्झाइम) ही तिन्ही एकदम वर जातात, पण हिमोग्लोबिन गेल्या वेळेइतकंच असतं, अप्रत्यक्ष बिलिरुबिन (यकृताने अजून न हाताळलेलं) वाढलेलं नसतं आणि रेटिक शांत असतं. अंगात फुटल्या असतील तर हिमोग्लोबिन उतरलेलं, अप्रत्यक्ष बिलिरुबिन चढलेलं, हॅप्टोग्लोबिन (सुटं हिमोग्लोबिन पकडणारं प्रथिन) तळाला गेलेलं आणि रेटिक वाढलेलं दिसतं. रेटिक वाढायला तीन ते पाच दिवस लागतात, हे मात्र लक्षात ठेवा. अगदी ताज्या झटक्यात ते कमीच दिसू शकतं. लॅबकडून सीरमचा रंग विचारायचा तुम्हाला हक्क आहे. नेहमीचं सीरम गवतासारखं फिकट पिवळं, बिलिरुबिन वाढलेलं असेल तर हळदीसारखं, आणि फुटलेल्या पेशींचं कोकमच्या सरबतासारखं गुलाबी-लाल. बहुतेक नवी यंत्रं हा लालपणा स्वतःच मोजतात. चांगली लॅब रिपोर्टच्या तळाशी "नमुना हिमोलाइज्ड, पुन्हा पाठवा" असं लिहिते आणि दुसऱ्या खेपेचे पैसे घेत नाही. जी लॅब काही न लिहिता आकडा छापते, तिचे इथेच दोन गुण कापा. शंका राहिलीच तर दुसऱ्या हातातून, नीट पद्धतीने, पुन्हा नळी काढा. तीही लाल आली आणि लघवी काळ्या चहासारखी असेल, तर दोष नळीचा नाही. तेव्हा लॅब बदलत बसू नका, दवाखाना गाठा. अशा वेळी लघवीच्या पट्टीवर रक्त दाखवतं पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसत नाहीत. ते पेशींतून सुटलेलं हिमोग्लोबिन असतं.

खोट्या एलडीएचची किंमत कोण भरतं? रुग्ण. डोस २० वर थांबतो किंवा परत ४० वर जातो. चेहरा सुजणं, शुगर, हाडं, मोतीबिंदू हे सगळं आणखी काही महिने वाढतं. प्रेडनिसोलोन उतरवणं आधीच मुंगीच्या पावलाचं काम, २०-३० पर्यंत काही आठवड्यांत आणि तिथून पुढे महिन्याला अडीच-पाच मिलिग्रॅमने. त्यात एक फुटकी नळी अडथळा आणते. आणि उलटीही बाजू आहे. रिपोर्ट छान आला म्हणून गोळी मनानेच एकदम बंद करायची नसते. अंगातली स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी झोपलेली असते, तिला उठायला वेळ लागतो.

रेटिकबद्दल आणखी एक. टक्क्यांत आलेला आकडा फसवा असतो. रेटिक ९ टक्के आणि हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) २० असेल तर ९ ला २० ने गुणून ४५ ने, म्हणजे नेहमीच्या हिमॅटोक्रिटने, भागा, खरा आकडा ४ टक्के येतो. घरपोच सेवा देणाऱ्या लॅबनी रेटिकची थेट संख्या छापली तर हा उपद्व्यापच करावा लागणार नाही. यंत्र ती देत असतं, रिपोर्टच्या साच्यात रकाना नसतो एवढंच.

बाहेर ४२, तरी नमुना गारठतो

थंडीत चिकटणाऱ्या अँटिबॉडीचा आजार, म्हणजे कोल्ड ॲग्लुटिनिन. यात अंग गार पडलं की पेशी एकमेकींना चिकटतात आणि फुटतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात याचं काय, असं वाटेल. पण लॅबच्या एसी खोलीतले २२-२४ अंश या अँटिबॉडीला पुरतात. जांभळी नळी तिथे तासभर पडली की आत पेशींचे गोळे होतात आणि यंत्र गोळ्यालाच एक पेशी समजून मोजतं. मग असा रिपोर्ट येतो: हिमोग्लोबिन ८, तांबड्या पेशी ११ लाख, एमसीव्ही (पेशीचं सरासरी आकारमान) १२५, एमसीएचसी (पेशीतल्या हिमोग्लोबिनची दाटी) ५८. निसर्गात एमसीएचसी ५८ असूच शकत नाही, ३७ च्या वर गेलं की काहीतरी बिघडलंय हे समजायचं. अजून सोपी खूण म्हणजे हिमोग्लोबिनची तिप्पट साधारण हिमॅटोक्रिट यायला हवी. ८ ची तिप्पट २४, रिपोर्टमध्ये मात्र जेमतेम १४. यातलं हिमोग्लोबिन तेवढं खरं, बाकी आकडे टाकाऊ. उपाय तासाभराचाही नाही. नळी ३७ अंशाच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची आणि बाहेर काढून लगेच यंत्रात द्यायची, आकडे जागेवर येतात. हे करायला पॅथॉलॉजिस्ट जागेवर लागतो. नुसत्या कलेक्शन सेंटरवर ते होत नाही, म्हणून शून्य गुण.

अँटिबॉडीचं प्रमाण मोजायचं असेल तर आणखी पथ्य. रक्त साध्या नळीत घ्यायचं आणि ती नळी गरमच ठेवून, सीरमही ३७ अंशालाच वेगळं करायचं. वाटेत गार झाली तर अँटिबॉडी रुग्णाच्याच पेशींवर जाऊन बसते, त्या पेशी गाठीबरोबर तळाला जातात आणि वरच्या सीरममध्ये अँटिबॉडी "नाही" असं दिसतं. यासाठी लॅबमध्ये स्वतः जा, तिथेच रक्त द्या. अगदीच अंतर असेल तर चहाचा थर्मास, त्यात थर्मामीटरने मोजलेलं ३७-३८ अंशांचं पाणी आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली नळी. उकळत्या पाण्याचा अंदाज चालत नाही, ५० अंशाला पेशी शिजतात. डायरेक्ट कूम्ब्स (पेशींवर अँटिबॉडी चिकटली आहे का ही चाचणी) मात्र जांभळ्या नळीतूनच करायची, कारण ईडीटीए नळीत बाहेर पूरक प्रथिनांचा उपद्रव होऊ देत नाही. रिपोर्टमध्ये नुसतं "पॉझिटिव्ह" नको, आयजीजी (अँटिबॉडीचा एक प्रकार) आणि सी३डी (पूरक प्रथिनाचा तुकडा) वेगळे मागा. आयजीजी असेल तर स्टेरॉइडचा उपयोग बहुधा होतो, फक्त सी३डी असेल तर आजार थंडीचा असण्याची शक्यता जास्त आणि तिथे स्टेरॉइड फारसं कामाला येत नाही. ही एक ओळ वर्षभराचं औषध ठरवते, आणि बऱ्याच रिपोर्टांत तीच नसते.

या रुग्णांनी जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला जाताना हातमोजे आणि कान झाकणारी टोपी घ्यावी. रात्रीच्या एसी डब्यात सोलापुरी चादर अंगावर असावीच, त्याची जाहिरात करायची इथे गरज नाही. मात्र ट्रंकेतून काढलेल्या चादरीला डांबरगोळ्यांचा वास येत असेल तर थांबा. जी-६-पीडी, म्हणजे तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम, कमी असलेल्या माणसाला नॅफ्थलीनच्या गोळ्या सोसत नाहीत, आणि अशा तान्ह्या बाळाला त्या कपड्यात गुंडाळलं तर पेशी फुटून कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. घरात तसा रुग्ण असेल तर गोळ्याच घरात आणू नका. पावटा आणि वाल मात्र खुशाल खा. जी-६-पीडीवाल्यांना वर्ज्य आहे तो बाकला, ही वेगळी शेंग आहे.

पॅकेजचा मोह

"संपूर्ण आरोग्य तपासणी, इतक्या चाचण्या, इतक्या रुपयांत" या पॅकेजची घरपोच सेवेला फार हौस. हिमोलिटिक रुग्णासाठी त्यातल्या अर्ध्या निरुपयोगी आणि एक-दोन चक्क दिशाभूल करणाऱ्या.

पहिली एचबीए१सी. हिमोग्लोबिनवर साखर किती चिकटली यावरून ती तीन महिन्यांची सरासरी काढते. पेशीच तीन महिने जगत नसेल तर साखर चिकटायला वेळ मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. स्टेरॉइडने शुगर २८० ला गेलेल्या माणसाचं एचबीए१सी ५.४ येऊ शकतं. त्याच्याऐवजी थेट साखर मोजा किंवा फ्रुक्टोसामीन (रक्तातल्या प्रथिनांवर चिकटलेली साखर) करा. सकाळची उपाशीपोटीची साखरही इथे अपुरी. प्रेडनिसोलोन न्याहारीनंतर एकदाच घेतात, त्याचा जोर दुपारपासून संध्याकाळपर्यंत असतो, आणि सेवेची वेळ सकाळी सहा ते दहा. दुपारी जेवणानंतर दोन तासांनी येणारा कुणी मिळाला तर त्याला धरून ठेवा. नाही मिळाला तर ग्लुकोमीटर, पण पट्ट्यांच्या डबीतल्या कागदावर हिमॅटोक्रिटची मर्यादा वाचून. रक्त फार पातळ असेल तर पुष्कळ मीटर साखर जास्त दाखवतात.

दुसरी यकृताची तपासणी. बिलिरुबिन ३.८, त्यातलं प्रत्यक्ष ०.५, एसजीपीटी नॉर्मल. असा रिपोर्ट हातात पडला की घरातलं कुणीतरी "कावीळ झाली" म्हणतं आणि गावठी औषधाची पुडी येते. ही यकृताची कावीळ नव्हे. ३.८ मधलं ३.३ अप्रत्यक्ष आहे, ते फुटलेल्या पेशींचं आहे. पुडीने त्याला काही होत नाही. झालं तर यकृतालाच होतं.

तिसरी गोष्ट पॅकेजमध्ये नसते आणि हवी असते: ब-१२. पक्क्या शाकाहारी घरांत एलडीएच हजारांत, अप्रत्यक्ष बिलिरुबिन जास्त आणि हिमोग्लोबिन ५ असा रुग्ण हिमोलिसिसचा वाटतो, पण रेटिक कमी आणि एमसीव्ही मोठं असेल तर तो ब-१२ च्या टंचाईचा असू शकतो. त्याचा इलाज इंजेक्शन, स्टेरॉइड नव्हे. त्याचबरोबर फॉलिक आम्लाची ५ मिलिग्रॅमची गोळी हिमोलिसिसच्या रुग्णांना दिली जाते, कारण नव्या पेशी बनवताना साठा संपतो. ब-१२ न तपासता नुसती ती गोळी महिनोन्महिने घेतली तर रक्त सुधारतं आणि मज्जातंतूंचं नुकसान झाकलेलं राहतं. "रक्त कमी" ऐकून मेडिकलवाला देतो ते लोहाचं टॉनिक फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) पाहिल्याशिवाय घेऊ नका. वारंवार रक्त चढणाऱ्याच्या अंगात दर पिशवीबरोबर २००-२५० मिलिग्रॅम लोह जातं, त्याला बाहेर जायची वाटच नसते.

रिटुक्सिमॅब (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींवरचं औषध) ठरलं असेल तर हिपॅटायटिस बीच्या दोन चाचण्या लागतात, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी. पॅकेजमध्ये पहिलीच असते. दुसरी राहिली तर दबून बसलेला जुना संसर्ग औषधाने उफाळतो. दुसरी वेगळी लिहून मागा, शंभर वेळा विचारावं लागलं तरी.

परगावी जाणाऱ्या नळ्या

जी-६-पीडी, एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार पाहणारी), ईएमए (पेशीच्या आवरणाचा आनुवंशिक दोष पाहणारी) ही कामं बहुधा पुण्या-मुंबईला जातात. अवघड प्रकरणांत परळच्या केईएम आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेचं नाव डॉक्टर काढतात. शनिवारी दिलेला नमुना रविवारी वाटेत पडतो, म्हणून सोमवार ते बुधवार हेच वार चांगले. एनएबीएलचं, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, प्रमाणपत्र बघताना तुमची चाचणी त्या यादीत आहे का ते बघा. प्रमाणपत्र चाचणीगणिक असतं, आणि नमुना परगावी जात असेल तर तिथल्या लॅबचं महत्त्वाचं, इथल्या पाटीचं नव्हे.

वेळ चुकली तर पैसे वाया, हे सेवेतला कुणी सांगत नाही. झटका चालू असताना किंवा नुकताच गेल्यावर जी-६-पीडी केली तर ती नॉर्मल येऊ शकते, कारण कमी एन्झाइमच्या जुन्या पेशी मेलेल्या असतात आणि उरलेल्या कोवळ्या पेशींत ते पुरेसं असतं. तीन महिन्यांनी पुन्हा करा. रक्त चढल्यानंतर एचपीएलसी किंवा जी-६-पीडी करणं म्हणजे दात्याचं रक्त तपासणं. म्हणून पहिली पिशवी लागण्याआधीच दोन जांभळ्या नळ्या जास्तीच्या काढून ठेवायला सांगा. मलेरियासाठी प्रायमाक्वीन, कुष्ठरोगासाठी डॅप्सोन किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी नायट्रोफ्युरँटोइन लिहून मिळालं असेल, तर जी-६-पीडीचा रिपोर्ट आधी, गोळी नंतर.

क्रॉसमॅचची नळी रुग्णाच्या उशाशीच काढून तिथेच नाव आणि नंबर लिहिलेली लागते, घरून पाठवलेली रक्तकेंद्राने घेऊच नये. शहरात सिव्हिलपासून, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापासून, अनेक ठिकाणी रुग्ण आणि लॅब एकाच आवारात असतात, अशा वेळी तिथेच जावं. मागणीच्या अर्जावर "ऑटोइम्यून हिमोलिटिक" असं ठळक लिहा, आधी किती वेळा रक्त चढलं आणि बाळंतपणं किती तेही लिहा. या आजारात, म्हणजे स्वतःच्याच अँटिबॉडी पेशी फोडतात त्यात, एकही पिशवी जुळत नाही असं होतं. अँटिबॉडी सगळ्यांच्याच पेशींना चिकटते, त्यात तिथल्या माणसांचा दोष नसतो. त्यांना काही तास जास्त द्या, भांडू नका. जीव धोक्यात असेल तर त्यातल्या त्यात जुळणारी पिशवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळू चढवतात. कोल्ड ॲग्लुटिनिनवाल्याला ती यंत्राने कोमट करूनच, बादलीतल्या गरम पाण्यात बुडवून नव्हे.

थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त विनामूल्य देण्याचं सरकारी धोरण आहे, २०१६ च्या दिव्यांग कायद्यातही हे तीन आजार आहेत. ऑटोइम्यून प्रकार त्या यादीत नाही. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जन आरोग्य योजनेची चौकशी मात्र भरतीच्या पहिल्याच दिवशी करा.

राहिला शेवटचा गुण, आणि तो सेवा बहुधा गमावते. हिमोग्लोबिन ४.८ चा रिपोर्ट रात्री अकराला मुकाट्याने पीडीएफ होऊन येतो, फोन कुणाचा नाही. वेळ घेतानाच विचारा, "आकडा धोक्याचा आला तर फोन करता का, आणि कुणाला?" उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी लॅब बघा. आणि प्लीहा काढलेल्या रुग्णाला ताप भरला असेल तर सकाळच्या दुचाकीची वाट पाहायचीच नाही. अशा तापात तास मोजावे लागतात. शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी घेतलेल्या लशींची नोंद, चालू गोळ्यांची पाकिटं, मागचे तीन सीबीसी आणि रक्तगटाचं कार्ड एका पिशवीत घालून सरळ कॅज्युअल्टी गाठायची.